चौदा मीटर डांबर

३ जानेवारी

नऊ वर्षं टाळलेल्या कामाची खरी किंमत: नोलीनच्या खुब्याचं हाड, दहा आठवडे इस्पितळ, आणि मला रोज माझ्याच हातची करपलेली अंडी.

फाटकापासून पायरीपर्यंत चौदा मीटर डांबर. निलगिरीच्या मुळांनी उचललेलं. कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला निघाली बिचारी, भेगेत पाय अडकला. अर्ध्या मिल्ड्युरा शहराचे रस्ते मी केले — आणि बायको पडली ती माझ्याच दारात!

सोळाला तिला घरी सोडतायत.

५ जानेवारी

विन्स ग्रेच येऊन बघून गेला. पूर्वी माझा रोलर चालवायचा, आता सगळा धंदाच त्याचा. "बॉस, उन्हाळा सरेपर्यंत, एप्रिलपर्यंत थांबा. या उन्हात नवं डांबर लोण्यासारखं राहतं."

"आणि तोवर ती येणार कशी?"

"फळ्या टाका की!"

फळ्या! चाळीस वर्षं रस्ते केलेल्या माणसाच्या दारात!

९ जानेवारी

मुळं तोडली. पाठ गेली.

१२ जानेवारी

झालं! पहाटे पाचला सुरू, दहाच्या आत रोलर फिरवून मोकळे. शेवटचा हात मीच मारला, विन्सला लावूच दिला नाही. काळंभोर, कडेला सुतासारखं सरळ. पाणी ओतून पाहिलं — नेमकं गटारात गेलं.

कुंपणापलीकडे शेजारी ट्रेव्हर त्याच्या बायकोला हळूच सांगत होता, "म्हातारा विमान उतरवणार वाटतं!" (माझे कान अजून शाबूत आहेत, ट्रेव्हर.) मी ओरडूनच सांगितलं, "तीस टनांचा ट्रक उभा कर इथे, ओरखडा उठला तर नाव बदलीन!"

तरी फाटकाला दोरी बांधली. आठवडाभर गाडी आत नाही. नियम म्हणजे नियम.

१४ जानेवारी

त्रेचाळीस अंश. आज चारदा नुसताच बघून आलो.

१६ जानेवारी

दुपारी दोनला आणली. गाडी दोरीबाहेर थांबवली.

"मग मी काय उडत जाऊ, केव्ह?"

विन्स मुद्दाम आला होता. ट्रकमधून गुपचूप फळ्या काढायला लागला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. परत ठेवल्या.

नोलीन म्हणाली, "बाजूला हो. माझ्यासाठी केलायस ना? मग चालू दे." चार पायांचा वॉकर उचलायची, पुढे टेकायची, सगळा भार टाकायची, पाऊल. पुन्हा उचल. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ट्रेव्हर कुंपणाशी टोपी काढून उभा! चौदा मीटर — कुणाचा हात न धरता. पायरीशी थांबली, घाम पुसला. "कुठेच अडकलं नाही रे."

असा रस्ता आयुष्यात केला नव्हता.

१७ जानेवारी

सकाळी वाकून मोजली. फाटकापासून पायरीपर्यंत एकशे बारा भोकं, चार-चारच्या चौकोनात, बोटाच्या पेराएवढी खोल.

नोलीनचं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे.