सिंताच्या नावावरचा दिवा

गुरु. ८ जाने.
सोमवारच्या नोंदीत लिहिलंय, ‘वॉर्डन आली तेव्हा मी क्लिनिकमध्ये होते.’ खोटं. मी खोलीच्या दारात होते. बाबा घरी पाटीवर शिकवायचे तेव्हापासूनचा नियम: चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. तर खाली:

सकाळी पूजा केली. चांदीचा गणपती, अंगठ्याएवढा, पुन्हा पर्समध्ये. बसचा हॉर्न. देवाच्या दिव्याला फुंकर मारायची नाही, म्हणून निरांजन फळीवर तसंच जळत ठेवून गेले. क्लिनिकच्या हॉस्टेलात ज्योत लावायला सक्त मनाई. फळी काळी झाली. वर भिंतीवर माझी रूममेट सिंताचा चामड्याचा अर्जुन, त्याचा हात आचेने आखडला.

परत आले तर वॉर्डन आत. “हे काय, मूर्ती?”
सिंता म्हणाली, “बाहुली, मॅडम. आजोबा गावात महाभारताचा खेळ करायचे. पडद्यामागे दिवा लावून.”
“म्हणजे दिवा तुझाच. खलास.” मग माझ्याकडे वळून, “तुला माहीत होतं?”
“नो, मॅडम.”
हे मी म्हणाले. मीच.

शुक्र. ९
सुट्टी. सिंता नमाज आटोपून अर्जुनाचा हात ओल्या फडक्याने सरळ करत बसली. होत नाही. मी विचारलं, आजोबांना कुणी अडवलं नाही? हसली. “मगरिबची, संध्याकाळची नमाज पढूनच खेळाला बसायचे. अर्जुन आमच्या जावा बेटातलाही आहे. तुम्ही एकट्यांनी विकत घेतलाय का?”
आणि नंतर, “माझं नाव सीतेवरून. तिलाही आगीचं उत्तर द्यावं लागलं होतं.”
तिला माहीत आहे. 

रवि. ११
तिला पत्र आलं. गुरुवारी आठला ऑफिसात चौकशी. ठपका आला तर काँट्रॅक्ट संपलं, परत जावा बेटावर. तिची मुलगी तिथे, सात वर्षांची.
आईला फोन. “गप्प राहा. मार्चमध्ये तुझंही रिन्यूअल आहे.”
“फुंकर मारू नको, तूच शिकवलंस ना?”
“दिवा सोडून जा, असं कधी शिकवलं गं?”


सोम. १२
वॉर्डन जिन्यात भेटली. माझ्या पाठीवर हात. “हबीबती,” अरबीत लाडके, “तू घाबरू नकोस, तुला दुसरी रूममेट देऊ.”
मी थँक यू म्हणाले. थँक यू!

मंगळ. १३
संध्याकाळी सिंता फळीकडे बघून म्हणाली, “वास नाही आज.” तुपाचा. मी म्हटलं, निरांजन वॉर्डनकडे आहे. “हो. पुरावा,” म्हणाली आणि मुलीला फोन लावला. मला काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं.
चौकशीत सांगायचं ते इंग्रजीत चारदा लिहिलं, चारदा फाडलं. प्रत्येकात सुरुवात ‘अनफॉर्च्युनेटली’. यात दुर्दैव कसलं.

बुध. १४
रात्रपाळी नको म्हणून सांगितलं. उद्याची सकाळची ड्यूटी बदलून घेतली.
आईचा मेसेज, एवढाच: ‘बुडाशी बघ.’
बघायची गरज नाही. तिच्या लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर तिचं नाव मराठीत कोरलेलं आहे, निरांजनावरही. पुरावा दहा दिवस त्यांच्या टेबलावर आहे, वाचणारं कुणी नाही.
गुरुवार, १५ जानेवारी, साडेसात. सिंताच्या आधी. निरांजन उलटं करून मी वाचून दाखवणार.