एका घराला एक घागर

३ एप्रिल १९८३, सकाळी ६
ज्या दयाघनाच्या कृपेने कोरड्या आडालाही झरा फुटतो, त्याचे स्मरण करून ही वही आरंभितो. विषय: डाळमिलमधील नातेसंबंध. लातूर स्वतंत्र जिल्हा होऊन आठ महिने झाले. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा. आमच्या मिलच्या बोअरला तेवढे पाणी आहे. सुटीच्या वेळी दर कामगारास एक घागर मिळते. हमाल व्यंकटी व त्याची पत्नी पंचफुला दोघेही कामावर, म्हणून त्यांच्या घरी दोन घागरी. यावरून युनियनमध्ये तंटा. मी टाइमकीपर, शिवाय अध्यक्ष. न्यायदान मलाच प्राप्त.

५ एप्रिल
चाळणीवरचा निवृत्ती मला म्हणाला, "महाराज, एका घरातलं एकच माणूस ठिवा. आमी काय वल्या फडक्यानं तोंड पुसावं?" पंचफुला उसळली, "दोघं राबून राहिलो, तवा दोन घागरी! तुझ्या बायकोला लाव की कामाला!" मी उभयतांस शांत केले. ओरडणे नंतर अर्धा तास चालले.

६ एप्रिल
ठराव रचला: 'एका घरातील दोघे नकोत. ज्याच्यावाचून काम अडते, त्याने राहावे, दुसऱ्याने जावे.' निर्दोष वाक्य. स्वजनमोहाने मोठमोठी कुळे बुडाली, हेही मीटिंगमध्ये तासभर सांगितले. ठराव पास. मॅनेजर अमृतराव यांनी तत्काळ मान्य केला. तूर येत नसल्याने त्यांना एक माणूस कमी करायचेच होते. तरी माझ्या भाषेचा प्रभाव नाकारता येत नाही. एक कॉपी नव्या कलेक्टरसाहेबांस.

७ एप्रिल
सौ. सरजाबाई (ही आमच्याच मिलमध्ये निवडणीवर) विचारती झाली, "आपलं कसं? मी बी तिथंच हाय की." समजावले: पत्नी म्हणजे अर्धांग. स्वतःचेच अंग नातलग कसे?
"मग एका अंगाला दोन घागरी कशा आणताव?"
संध्येची वेळ झाली होती. आसन मांडले.

९ एप्रिल
सप्ताहानिमित्त कीर्तनास चाकूरला. दोन दिवसांची रजा.

११ एप्रिल
परतलो. काहीही अडले नव्हते. माझी पाळीची घंटा व्यंकटीने वेळेवर दिली. मी शिस्त किती मुरवली आहे! रजिस्टरात तसा शेरा मारला: 'टाइमकीपर गैरहजर, काम सुरळीत.'

१४ एप्रिल
परवा सरजाबाई तापाने घरी. त्या दिवशीची डाळ निलंग्याच्या व्यापाऱ्याने आज परत पाठवली. खडेच खडे! एका बाईवाचून चाळीस पोती परत यावीत, ही व्यवस्था शोचनीय. मॅनेजरांस कडक शब्दांत लेखी कळवले. सही ठसठशीत केली.

१७ एप्रिल
मीटिंग. कोणी जायचे ते ठरवण्यास मॅनेजरही हजर. पंचफुला उभी राहिली. "पयले अध्यक्षाचं घर घ्या!" अर्धांगाचा सिद्धांत मांडला. लोक हसले. अमृतरावांनी माझा शेरा व माझे पत्र, दोन्ही वाचून दाखवले. मग हात वर. सर्व हात सरजाबाईसाठी. निवृत्तीचे तर दोन्ही. मी पळवाट शोधली. पण ठराव इतका घट्ट रचला होता की मलाही फट सापडेना. मी बाहेर पडताच, एक माणूस कमी झालेच आहे, असे म्हणून ठराव रद्द करण्यात आला. निवृत्तीच्या बायकोला पुढच्या हंगामात घेण्याचे ठरले म्हणतात.

१८ एप्रिल, सायंकाळी
निवृत्ती. (नाव नव्हे, अवस्था.) सकाळी स्नानास पाणी मागितले. सरजाबाई म्हणाली, "आंघुळ उद्या. आज हातपाय धुवून देवाला बसा. मला घंटेच्या आत जायचंय."
सुटीला घागर घेऊन गेटवर गेलो. घंटा आता व्यंकटीकडे. म्हणाला, "महाराज, लाईनीतून सरका. तुमी कामगार न्हाईत. नियम हाय." मागून पंचफुलेने भरला तांब्या पुढे केला. तत्त्वतः नाकारला. मग प्यालो. गार होते.

ही वही कोणासाठीच नाही. तरीही चुकून जो वाचील, त्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या घरी उभयतांना काम मिळो, आणि दोन्ही घागरी काठोकाठ भरोत.