नुसतं ‘बटण’

आत्या,

मला वर्षभराचा पगार मंजूर झालाय. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून पदरमोड करून राबणाऱ्या बायकांना एक संस्था निधी देते, तिने मला निवडलं. दादा ज्याला ‘फुकटची हमाली’ म्हणायचा, त्याच कामासाठी. आता तोच सगळ्यांना फोन करून सांगतोय. मला आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. चहा केला, तो ओट्यावरच गार झाला.

तुझी नजर गेल्यावर तुझा फोन तुला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा. नाव न दिलेलं बटण आलं की नुसतं ‘बटण’ म्हणायचा. तू वैतागायचीस, “अगं ठमे, कसलं बटण? माझ्या ब्लाउजचं का?” तेव्हापासून मी जगभरच्या वेबसाइट बनवणाऱ्यांशी एकाच गोष्टीसाठी भांडतेय: प्रत्येक बटणाला नाव हवं.

आज संस्थेच्या पानावर होकार कळवायचा होता. तू गेल्यापासून बंद असलेला तुझा फोन मी चार्ज केला, ते पान उघडलं, डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

तो म्हणाला, “बटण.”

कसलं बटण, असं विचारणारं घरात कुणीच नव्हतं.

तुझीच,
ठमी