पायाळू डॉक्टरचं लेखी उत्तर

बऱ्हाणपूर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ती. सिंधूताईस,
श्रीकांतचा नमस्कार. भावजींनाही सांग.

इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. पूनमची शाळेतली नोकरी सकाळची झाल्यामुळे गायत्रीला न्हाऊ-माखू घालण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. ती आता सव्वादोन वर्षांची झाली, आणि मी वेणी घालायला बसलो की "बाबा, नको, आई" एवढं स्वच्छ बोलते. दवाखाना बरा चालला आहे. केळीचे घड वाहणाऱ्यांच्या कंबरा आणि यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांच्या माना, यांत दिवस कसा जातो कळत नाही. शनवाऱ्यातल्या मिठाईवाल्याचा दराबा तुझ्यासाठी घेऊन ठेवला होता. पाठवायला कोणी मिळालं नाही, म्हणून मीच संपवला. तो गुन्हा आधीच कबूल करून टाकतो, पुढचं सोपं जाईल.

सव्वा वर्षाने पत्र आलेलं पाहून तू चष्मा शोधला असशील. घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर मी बोलण्यात पटाईत आहे आणि तू ते ओळखतेस. शिवाय तू लिहूनच मागितलं होतंस.

मागच्याच्या मागच्या भाऊबीजेचं म्हणतोय मी. ओवाळून झालं आणि तू सहज विचारलंस, "गायत्रीची नऊ महिन्यांची लस झाली का रे?" मी तुला तेच उत्तर दिलं जे दवाखान्यात येणाऱ्या आईबापांना देतो: शरीरात उपजत शहाणपण असतं, मणके मोकळे ठेवले की ते आपलं काम करतं, लस द्या असंही मी म्हणत नाही, देऊ नका असंही म्हणत नाही, वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा. तू ताट खाली ठेवलंस. म्हणालीस, "शहाण्या माणसालासुद्धा दारात कोण येणार आहे ते आधी सांगावं लागतं. लस तेवढंच करते. आणि तू लोकांना जे सांगतोस ते मला कागदावर लिहून दे, खाली सही कर." मी म्हणालो, नर्सबाईंनी घरात ऑफिस आणू नये. तू न जेवता तुझ्या खकनारची बस पकडलीस. मागच्या भाऊबीजेला आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही.

खरं सांगतो, त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो होतो. 'मी श्रीकांत असं सांगतो की' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे काही सुचेना. तोंडी जे इतकं समंजस वाटायचं ते कागदावर कुठेच उभं राहत नव्हतं. कागद फाडला आणि राग तुझ्यावर धरला.

हे उत्तर माझं नव्हतंच. पुण्याला कायरोप्रॅक्टिकची, हाताने मणके बसवण्याची विद्या शिकताना आमच्या सरांना कोणीतरी विचारलं होतं, पालक लसीबद्दल विचारतात तेव्हा काय सांगायचं? सर म्हणाले, आपण बाजू घ्यायची नाही, निवड त्यांची. माझ्या वहीत ते वाक्य लाल शाईने लिहिलेलं आहे. वर्गात इंदूरची रजनी होती, ती तेव्हाच म्हणाली, "सर, मला मणक्यांतलं कळतं. लसीतलं ज्याला कळतं त्याच्याकडे मी पाठवीन." विद्या एकच, वर्गही एकच. तिने तसं धरलं आणि मी असं. मला ते बाजू न घेण्याचं धोरण आवडलं, कारण त्यात कोणी नाराज होत नाही.

आता मुद्द्यावर येतो, इतका वेळ त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

दापोऱ्याचा भाईदास माझ्याकडे दोन वर्षांपासून येतो. केळीच्या ट्रका भरून त्याची कंबर धरते. मी हाताने कितीही उपचार केले तरी जाताना तो पालथा झोपून म्हणतो, "साहेब, आता पाय लावा." मी पायाळू आहे, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, हे त्याला कोणीतरी सांगितलं असणार. तुला आठवतं ना, मिलच्या क्वार्टरसमोर पाळी संपवून आलेले बाबांचे सोबती ओट्यावर पालथे पडायचे, आणि तू मला काखेत धरून माझा पाय त्यांच्या उसण भरलेल्या पाठीवर टेकवायचीस? लाडू मला मिळायचा आणि अर्धा तू खायचीस. डॉक्टर झालो तेव्हा वाटलं, आता त्या पायातून सुटलो. पण सुटलो नव्हतो. भाईदासला मी हसत हसत पाय लावायचो. लोकांना बरं वाटतं, आपलं काय जातं?

डिसेंबरमध्ये त्याने विचारलं, "पोऱ्याचं नऊ महिन्याचं टीका हाये. लावू का नको?" त्याच्या मुलाला घरात गोटू म्हणतात. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. वाचा, विचार करा, असंही म्हणालो. ताई, भाईदास काय वाचणार होता? आणि पायाळूने 'शरीराला कळतं' म्हटल्यावर विचार कशाचा करणार होता? त्याची बायको ज्योती तयार होती, सासूही तयार होती, गावातली आशा कार्यकर्ती लसीसाठी दोनदा घरी येऊन गेली. हा एकटा अडून बसला.

चार फेब्रुवारीला ते तिघं आले. गोटूचे डोळे लाल, नाक वाहत होतं. सर्दी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. गायत्री तिथेच होती, दोघं एकाच खुळखुळ्यावरून भांडले. दोन दिवसांनी गोटूच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर. आजीने कडुनिंबाचा पाला टांगला, घरातली फोडणी बंद केली, इच्छापूरच्या देवीला साकडं घातलं. रविवारी श्वास उडायला लागला तेव्हा त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात आणलं. न्यूमोनिया झाला होता. भाईदासने मला फोन केला. आवाजात राग नव्हता, तेच सहन होत नाही. म्हणाला, "साहेब, तुमीच तं म्हणे होते, शरीराले समजतं. त्याले कधी समजीन?"

यानंतरची गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. मी गोटू कसा आहे हे विचारलं नाही. फोन ठेवला आणि गायत्रीचं कपाळ चाचपून पाहिलं. तो खुळखुळा डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या समजुतीप्रमाणे माझ्या मुलीला गोवराची एकही लस दिलेली नव्हती. पूनम भाकऱ्या करत होती. तिला म्हणालो, चल, हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यायचं आहे.

पूनमने तवा उतरवला, हात धुतले, कपाटातल्या साड्यांखालच्या वर्तमानपत्राखालून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. आजवरचे सगळे रकाने भरलेले. गोवराची पहिली लस, २१ नोव्हेंबर, भाऊबीजेनंतरचा पहिला मंगळवार. दुसरी, पुढच्या वर्षी मे महिन्यात. आणि अक्षर तुझं. तुझा तो शेपूट ओढलेला दोन मी कुठेही ओळखीन.

ती म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, आईबापांनी ठरवावं. मी ठरवलं." ती इतकी माहेरी, तुझ्याच खकनारला, का जाते, हे मला तेव्हा कळलं. मी खाली बसलो आणि रडलो, ताई. गायत्री माझे डोळे पुसायला फडकं घेऊन आली, ते पोळपाटाचं होतं.

तुम्ही दोघींनी मला फसवलंत याबद्दल खरं तर रुसायला हवं होतं. माझ्याकडे रुसायला जागाच उरली नाही. माझ्या मुलीला माझ्यापासून वाचवणाऱ्या दोन बायका घरात होत्या. भाईदासच्या घरातल्या दोघींचं मात्र माझ्या एका वाक्यापुढे काही चाललं नाही.

मग दवाखान्यात गेलो. चार दिवस रोज जात होतो. गोटूच्या नाकाला नळी होती, छाती भात्यासारखी चालायची. भाईदास मला बसायला स्टूल द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "साहेब, एक डाव पोऱ्याले पाय लावा ना." मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणालो, "भाईदास, माझ्या पायात काही नाही. माझं बोलणंही चुकलं. मी लस द्या म्हणायला हवं होतं. मला त्यातलं कळत नव्हतं आणि कळत नाही असं सांगायची लाज वाटली." तो म्हणाला, "तवाच सांगतं तं बरं झालं असतं." एवढंच. मला वाटतं, त्याने मला थोबाडीत मारली असती तर त्याचंही बरं झालं असतं आणि माझंही.

गुरुवारी ताप उतरला. शुक्रवारी नळी निघाली. आणि वीस तारखेला गोटू घरी गेला. जाताना आईच्या खांद्यावरून शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या केळ्याकडे हात करून असा ओरडला की सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनी कान-डोळे तपासून सगळं नीट आहे म्हणून सांगितलं, पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे. ताई, मी त्या दिवशी घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलो.

ज्या पालकांनी मला लसीबद्दल विचारलं होतं, त्यातले आठवले तेवढे नऊ जण. सगळ्यांना भेटलो किंवा फोन केला. सहा जणांनी आधीच लस दिली होती, माझं ऐकलंच नव्हतं. इतका आनंद मला कोणी माझं न ऐकल्याचा कधी झाला नव्हता. दोघांनी या शुक्रवारी दिली. एक जण अजून घुटमळतोय, त्याच्याकडे उद्या पुन्हा जाणार आहे. पाय लावणं बंद केलं आहे. काही लोक नाराज झाले, होऊ देत.

पाच वर्षांची झाली की गायत्रीची पुढची लस आहे, हे कार्डावर वाचलं. तेव्हा तिला मी घेऊन येईन. पूनमला माहेरचं निमित्त काढावं लागणार नाही. आणि या भाऊबीजेला तू जेवून जायचं आहेस.

आता तू मागितलेला कागद. अर्धा त्या दिवशी फाडला होता, तो आज पूर्ण करतो.

मी श्रीकांत असं सांगतो की, मला पाठीतलं कळतं. लहान मुलांच्या लसीतलं मला कळत नाही. ज्यांना कळतं ते द्या म्हणतात, म्हणून मीही द्या म्हणतो. कोणी विचारलं तर हेच सांगेन, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगेन.

खाली सही करतो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीकांत