चार नंबरच्या लेथबद्दल

मी, वय वर्षे एकसष्ट, पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझ्या पतींना मिळावे. (हे कलम रद्द. कारण कलम ५ मध्ये. – सही)

२. बँकेतली ठेव आणि बांगड्या मुलीला. शिलाई मशीन धाकट्या जाऊबाईंना. त्यांनी ते तीन वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेले आहे, आता हक्काने वापरावे.

३. 'आपण एक कुटुंब' असे कोरलेले निरोपाचे घड्याळ मनुष्यबळ विभागाच्या साहेबांना परत पाठवावे. अकरा जणांना एका दुपारी गेटबाहेर काढून त्याला 'पुनर्रचना' म्हणणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. कँटीनमध्ये म्हणाले, "हा निर्णय आम्हालाही जड जातोय," आणि लगेच चहाबरोबर बिस्किटे मागवली.

माझा 'नापास' शिक्का जुळणी विभागाच्या फोरमनला द्यावा. त्याने आपल्या सगळ्या माणसांना डोळे मिटून दहापैकी दहा दिले, म्हणून त्याचा एकही माणूस गेला नाही. तेव्हा मी त्याला लबाड म्हटले होते. तो शब्द मागे घेते. शिक्का त्याच्याकडे असलेला बरा, तो कधी वापरणार नाही.

४. आता मुख्य गोष्ट. साहेबांनी माझ्याकडे कौशल्याचा तक्ता दिला. लेथवरच्या प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे होते. "प्रशिक्षण कोणाला द्यायचं एवढंच बघायचंय," म्हणाले. चार नंबरच्या लेथवर माझे पती टर्नर होते. मी म्हटले, "यांचे गुण दुसऱ्या कोणाकडून घ्या." साहेब म्हणाले, "तुमच्या सचोटीबद्दल कोण शंका घेणार?" एवढ्यावर मी फुगले. यांच्या हातचे चाळीस शाफ्ट मोजले. प्रत्येकाचे एक टोक केसभर जाड निघाले. मी सहा गुण दिले. साताच्या खालचे सगळे घरी गेले.

मग त्या लेथवर दुसरा माणूस आला. त्याच्याही शाफ्टचे तेच टोक, तेवढेच जाड. दोष हाताचा नव्हताच, लेथचा फिरता दांडा, म्हणजे स्पिंडल, झिजला होता. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले, आणि नऊ वर्षे मी ब्र काढला नाही. नोकरीच्या दाखल्यावर 'कौशल्य अपुरे' असा शेरा असल्यामुळे यांना कोणी लेथला हात लावू दिला नाही. एका इमारतीच्या गेटवर ते पहारा करतात. साहेबांची मला किळस येते ती आठवण झाली की. स्वतःची येते ती रोज, यांना जेवायला वाढताना.

५. हे सगळे मी गेल्यावर वाचले जावे असा माझा बेत होता. तो भित्रेपणा होता. म्हणून आज दुपारी यांना समोर बसवून वाचून दाखवले.

म्हणाले, "स्पिंडलचं मला माहीत होतं. दुरुस्तीवाल्यांना तीनदा लेखी दिलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"चाळीस नग मोजलेस. मला एकदा विचारायचं होतंस."

वकीलबाईंनी बजावले होते की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. ते यांच्या लक्षात होते. म्हणाले, "घरावरचं माझं नाव काढ. मला सही करायचीय."

मी म्हटले, "अहो, घर तुमच्याचसाठी ठेवलंय."

"घर नको. तू हे कबूल केलंस, त्याखाली माझी सही पाहिजे."

म्हणून कलम १ रद्द. घर मुलीला मिळावे. वडिलांना तिथे राहू द्यावे असे तिला लिहून कळवायची गरज नाही. ती माझ्यावर गेलेली नाही.

वरील मजकूर मला मान्य असून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च, शनिवार

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १ : (सही) शेजारीण. व्यवसाय : शिवणकाम
साक्षीदार २ : (सही) पती. व्यवसाय, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्याप्रमाणे : टर्नर