दाढ ठणकलीच नाही

डॉक्टरीणबाई,

पेशंट पळालाय. घाबरू नकोस, ट्रम्पेट घेऊन बँडच्या तालमीला गेलोय. घरातच सूर लावून बघणार होतो, पण तू माझ्या उशाशी खुर्चीतच झोपली होतीस, मांडीवर माझ्या गालासाठी आणलेली बर्फाची पिशवी. पिशवी काढून घेतली, पांघरूण घातलं. बर्फाचं पार पाणी झालं, पण काल तू रूट कॅनाल केलेली दाढ काही ठणकली नाही. गोळीसुद्धा तशीच पडून आहे.

मागच्या रूट कॅनालला गाल असा टम्म सुजला होता की ओठाला ट्रम्पेट लावता येईना. म्हणून तर तुझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसायला इतकी टाळाटाळ केली. तू म्हणालीस, दाढेच्या मुळात हातानं सुई घासली की आतली घाण मुळाच्या टोकाबाहेर ढकलली जाते आणि मग ठणका लागतो. मशीनची सुई फिरता फिरता ती बरीचशी वर ओढून काढते. मला वाटलं, पोरगी नव्या मशीनची टिमकी वाजवतेय. चुकलो.

जोरात फुंकणार नाही. त्या बाजूनं चावणारही नाही.

आणि हो, डावीकडची दाढही कधीची कुरकुरतेय. ओरडू नकोस. सोमवारी माझा नंबर लाव, पण घरचा माणूस म्हणून आधी आत घेऊ नकोस. बाहेरच्या बाकावर बसून मला सगळ्यांना सांगायचंय, हा दवाखाना कुणाच्या पोरीचा आहे ते.

बाबा