आबांचं उघडं दार

मेहरूण, जानेवारी १९९५

आबा,

आजारी आई एका दुपारी दार लावा म्हणाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमदाराचं दार लावलं का मत गेलं समज." ती मरेपर्यंत तिच्या खाटेजवळून अख्खा तालुका चपला वाजवत गेला. मी त्यांना चहा देत होते.

आता लकव्याने तुमची वाचा गेली. तुमची खाट मी दारासमोरच टाकलीय. तुम्ही दाराकडे बघून डोळ्यांनी विनवता, ते मला कळतं. तुमचे डोळे भरले की केळीच्या बागेतल्या बाया म्हणतात, "आबांना आपल्याला पाहून किती भरून येतं!"

तिकीट मला मिळालंय. हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणार नाही. मतदान फेब्रुवारीत आहे, तोवर जगा.

तुमच्याच तालमीतली,
कुमुद